परतीची पाटी

मावशींना कार्यालयात हुद्द्याने कुणी ओळखत नसे. हुद्दा कनिष्ठ लिपिकाचा होता आणि एकोणतीस वर्षं तो तसाच राहिला. बढतीचा कागद दोनदा निघाला, पण दोन्ही वेळा तो ज्या टेबलावरून पुढे सरकायचा, त्या टेबलावरचा माणूसच आधी बदलून गेला. वर्षातले तीनशे बासष्ट दिवस त्या जावक टपालावर क्रमांक टाकत आणि त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नसे. उरलेल्या तीन दिवसांत मात्र अख्ख्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांच्या शब्दाशिवाय पान हलत नसे.

ते तीन दिवस जागावाटपाचे. पाच-सहा वर्षं घासून डॉक्टर झालेली पोरं पुढची तीन वर्षं कुठल्या विषयात काढायची, ते ठरवायला मोठ्या सभागृहात जमत. भिंतीवर एक लांबलचक लाकडी फलक, त्यावर विषयवार रांगा, रांगेत खिळे आणि प्रत्येक खिळ्यावर पत्र्याची एक छोटी पाटी. एक पाटी म्हणजे एक जागा. परीक्षेतल्या क्रमांकाप्रमाणे मावशी तीनदा पुकारा करत. ज्याचा क्रमांक असेल त्याने उठायचं, फलकापर्यंत चालत जायचं आणि हवी ती पाटी स्वतःच्या हाताने काढून मावशींना द्यायची. मावशी पाटीच्या पाठीवर ठोकलेला आकडा रजिस्टरात उतरवत आणि पाटी कुलूपबंद पत्र्याच्या पेटीत फटीतून टाकत. किल्ली अधीक्षक साहेबांच्या खिशात. तिसऱ्या दिवशी पाचला पेटी उघडायची आणि रजिस्टराशी ताळा घ्यायचा. मध्यंतरी या कामासाठी संगणक आले, तीनदा आले. पण पोरांचा विश्वास खिळ्यावर. पडद्यावरची जागा दिसते आणि जाते, पाटी मात्र हाताला लागते.

कुठल्या विषयाला किती मागणी, हे सांगायला मावशींना आकडेवारी लागत नसे. पाट्या कधी संपतात ते बघितलं की झालं. रेडिओलॉजीच्या पाट्या पहिल्या दिवशी चहा यायच्या आत साफ. दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसायचं, माणसाऐवजी त्याच्या सावलीशी बोलायचं आणि वेळेवर घरी जायचं, हे सुख हुशार लोकांना बरोबर कळलेलं होतं. पाठोपाठ स्किन, कारण खाज सुटली म्हणून पहाटे अडीचला डॉक्टरला कुणी उठवत नाही. मेडिसिन, बालरोग आणि हाडं पहिल्या संध्याकाळपर्यंत. सर्जरीची पाटी एके काळी पोरं खिळ्यासकट उपटायची, हल्ली ती दुसऱ्या दिवशीच्या जेवणानंतरही लोंबकळताना दिसे आणि म्हातारे सर्जन दारातून डोकावून सुस्कारा टाकून परत जात. तिसऱ्या दिवशी दुपारी फलकावर उरत ती ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि फोरेन्सिक. म्हणजे ज्यांच्या पेशंटांना कसलीच घाई नसते, ते विषय.

इथपर्यंत सगळं कोणत्याही महाविद्यालयात असतं तसंच. पुढची गोष्ट मात्र मावशींनी नोकरीच्या नवव्या वर्षापर्यंत ऐकलीही नव्हती.

त्या वर्षी दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर त्या परत आल्या, तर रेडिओलॉजीच्या रिकाम्या रांगेत एक पाटी. आदल्या दिवशी सगळ्या पेटीत गेलेल्या, पेटीला कुलूप, फट बोटभर. मावशींनी तेव्हाच्या साहेबांना बोलावलं. साहेबांनी चष्मा पुसला, पाटी बघितली, पेटी हलवून बघितली आणि म्हणाले, "खिळ्यावर पाटी असेल तर जागा रिकामी आहे. ती का रिकामी आहे, हे पाहणं आपल्या विभागाच्या कक्षेत येत नाही." पुढच्या क्रमांकाच्या मुलाने ती काढली तेव्हा तो रडला. आनंदानेच. पाटी मावशींच्या हातात आली ती कोमट होती, बराच वेळ कुणी मुठीत धरून ठेवल्यासारखी. आकडा रजिस्टरात आधीच एकदा लिहिलेला होता, पहिल्या दिवशीच्या एका मुलीपुढे. त्या संध्याकाळी ती मुलगी घरी पोहोचली नाही. रस्त्यावरच गेली.

पाटी दुपारी परत आली होती. मुलगी गेली संध्याकाळी.

मागच्या वीस वर्षांत असं आणखी चारदा झालं. दर वेळी मागणीच्याच विषयात. ॲनाटॉमीची पाटी कधी परत आली नाही, मुळात ती जायलाच कुरकुर करायची. कार्यालयाने या प्रकाराची सोय लावून टाकली होती. रजिस्टरातल्या पहिल्या नावावर लाल रेघ मारायची आणि पुढे शेरा लिहायचा, 'रुजू होणार नाही.' भविष्यकाळात. एकाही तपासणीसाने त्यावर हरकत घेतली नाही.

एकदा मावशींनी सावध करून बघितलं. हाडांच्या विभागाची पाटी घेतलेला आडदांड पोरगा होता. त्या त्याच्या खोलीवर गेल्या आणि म्हणाल्या, आठ दिवस बाहेर पडू नकोस, बाबा. पोरगा गुणी. बाहेर पडला नाही. जे व्हायचं ते घरातच झालं, न्हाणीघरात पाय घसरून. तेव्हापासून मावशी मूग गिळून बसल्या.

पोरांना हे अर्धवट ठाऊक होतं. त्यांनी नावही पाडलं होतं, 'परतीची पाटी'. मागच्या क्रमांकाचे उमेदवार तीन-तीन दिवस सभागृहात ठिय्या देऊन बसत ते तिच्याच आशेवर. वाईट नव्हती पोरं. कुणाचं वाटोळं व्हावं असं कुणीच म्हणत नव्हतं. ती फक्त बघत बसायची. दोनशे माणसं एका रिकाम्या खिळ्याकडे, न बोलता, डोळ्यांत तेल घालून. मावशींना कधीकधी वाटे, एवढ्या जणांनी मिळून ओढलं तर पेटीतूनच काय, कुठूनही वस्तू बाहेर येईल. हा विचार त्या घरी नेत नसत.

यंदा मात्र त्या दोनशे जणांत मावशींची लेक होती.

लेकीला घरात ठमी म्हणत. आता ती डॉक्टर झाली होती, पण ठमीची डॉक्टरीणबाई व्हायला घर तयार नव्हतं. मागच्या वर्षी तिचा क्रमांक असा आला की ॲनाटॉमीखेरीज काही उरलं नव्हतं, आणि ती हात हलवत परतली. परीक्षेला दोनदाच बसता येतं. म्हणजे यंदा जे मिळेल ते, नाहीतर कायमचं काही नाही. तिला स्किन हवं होतं, तेही पहाटेच्या झोपेसाठी नव्हे. शिकाऊ असताना तिने एका बाईचा हात तपासायला हातात घेतला होता. अंगभर चट्टे असलेली बाई. ती म्हणाली, नऊ वर्षांत मला कुणी शिवलं नव्हतं. ठमीने ते आईला एकदाच सांगितलं आणि मग दोन वर्षं खोलीचं दार लावून घेतलं. यंदा क्रमांक आला दोनशे अकरा. स्किनच्या पाट्या तीन.

"बाई, तुमची मुलगी आहे यंदा," साहेब आधीच म्हणाले होते. "रजा टाका ना."

"टाकते की. पाट्या कोण लावणार? तुम्ही?"

कुठला विषय कुठल्या रांगेत, हे एकट्या मावशींना माहीत असल्यामुळे नियमांना तेवढा अपवाद करण्यात आला.

स्किनची तिसरी पाटी पहिल्या दिवशी एकोणीस क्रमांकाने नेली. उंच पोरगा, शर्टाची गळ्यापर्यंतची गुंडी लावलेली. म्हणाला, "मावशी, मी टाकू का पेटीत? आवाज ऐकायचाय." असं चालत नाही. पण मावशींनी पेटी पुढे सरकवली. खळ्ळ झालं आणि तो लहान पोरासारखा हसला.

त्यानंतर मावशी तोंडाने क्रमांक पुकारत राहिल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी मान आखडली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण दोन दिवस सभागृहाकडे बघतच नव्हतो. आपण स्किनच्या तिसऱ्या खिळ्याकडे बघत होतो.

त्यांनी झटकन नजर वळवली. पण शेवटच्या रांगेत ठमी बसली होती, आणि ती कुठे बघत होती ते इतक्या लांबूनही कळत होतं.

साडेचारच्या सुमाराला सभागृहात तिघं उरली. दोनशे नऊने ॲनाटॉमी घेतली. दोनशे दहाने फिजिऑलॉजीची शेवटची पाटी काढली, तिच्याकडे गाढवाकडे बघावं तसं बघितलं, मावशींच्या हातावर ठेवली आणि निघून गेला. मावशींनी आकडा उतरवला, पाटी पेटीत टाकली आणि मान वर केली.

स्किनच्या रांगेत तिसऱ्या खिळ्यावर पाटी होती.

पंखा चालू होता आणि बाकीच्या पाट्या किणकिण हलत होत्या. ती हलत नव्हती.

पाटीला हात लावायचा हक्क उमेदवाराचा. मावशींनी टेबलावरची स्टीलची पट्टी घेतली आणि पाटीचं टोक जरासं उचललं. त्रेचाळीस. पट्टीसुद्धा कोमट झाली. रजिस्टरात त्रेचाळीसपुढे एकोणीस क्रमांक, नाव, फोन. मावशींनी टेबलावरचा फोन ओढला.

"हॅलो?" मागे वाऱ्याचा आवाज, पोरांचा कल्ला.

"जागावाटपातून बोलतेय. पाट्यांवाल्या मावशी."

"मावशी! बोला, बोला. कागद राहिला का काही?"

"कागद नाही रे. तू कुठे आहेस?"

"नदीवर. मित्र पार्टी मागतायत, म्हटलं आधी पोहून घेऊ."

"पाण्यात जाऊ नकोस."

"अहो, कमरेएवढं तर पाणी आहे."

"ऐक माझं. घरी जा." मग त्यांना न्हाणीघर आठवलं. "नाही, थांब. घरी पण जाऊ नकोस."

"मग जाऊ कुठे, मावशी?" तो खदखदून हसला. कुणीतरी त्याला हाक मारली, "ए, येतोस का आता!" आणि फोन बंद झाला.

साहेब समोर येऊन उभे होते. त्यांनी फलक बघितला, मावशींचा चेहरा बघितला, मग घड्याळ बघितलं. "पुकारा करा, बाई. पाचला पेटी उघडायचीय."

"साहेब, ती पाटी..."

"खिळ्यावर आहे ना?" साहेब नवे होते, पण ते वाक्य साहेबांकडून साहेबांकडे आपोआप जात असे. "मग जागा आहे. आणि काय हो, तुमच्याच घरात जातेय. तुम्ही का रडवेल्या होताय?"

मावशींनी पुकारा केला. "दोनशे अकरा."

आवाज रिकाम्या सभागृहात फिरून परत आला. ठमी उठली. दोन वर्षं खुर्चीत बसून तिची पाठ किंचित वाकली होती, पण चालत आली ती सरळ. टेबलापाशी थांबली.

"परतीची आहे ना ती?" तिने हळूच विचारलं.

"हो."

"कुणाची?"

"एकोणीस. जिवंत आहे अजून. नदीवर गेलाय."

ठमीने फलकाकडे बघितलं. "मी नाही घेतली तर?"

"माहीत नाही, बाळ. आजवर अशी पाटी कुणी न घेता राहिलीच नाही. कायम पुढचा कुणीतरी होता."

"आणि आता?"

"आता तुझ्यामागे कुणी नाही."

"उमेदवाराशी चर्चा करायची नसते, बाई," साहेब म्हणाले.

"आई, तू बघत होतीस तिकडे. मला दिसत होतं."

"तू पण."

"मी तर पहिल्या दिवसापासून," ठमी म्हणाली. "त्याच्याकडे नाही ग. नुसतं खिळ्याकडे." "पण तो बुडणारच असेल तर? मी सोडली आणि तरीही तो गेला, तर? मग मी काय केलं, आई? दोन्ही घालवलं."

मावशींना सांगावंसं वाटत होतं ते एकच, की घे. एकोणतीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांच्या हातून पाट्या घेतल्या, एक तुझ्या हातून घेऊ दे. आणि सांगावंसं वाटत होतं दुसरंही. दोन्ही एकदमच तोंडाशी आलं.

ठमी फलकापाशी गेली. तिने हात वर केला आणि त्रेचाळीस नंबरची पाटी मुठीत धरली. काढली नाही, नुसती धरली. घट्ट, इतकी की बोटांची पेरं पांढरी पडली. ती तशीच उभी राहिली. घड्याळात चार वाजून बेचाळीस मिनिटं झाली होती. साहेब खोकले. त्रेचाळीस झाली.

"ती..." ठमी मागे न वळता म्हणाली. "आई, ही ओढतेय ग. खाली. कुणीतरी लटकल्यासारखी."

"सोड," मावशी म्हणाल्या. आपला आवाज त्यांना ओळखू आला नाही. "सोड, ठमे."

चव्वेचाळीसला ठमीने मूठ उघडली. तळहाताला ओल होती. तो तिने कमरेला पुसला, दोन पावलं सरकली आणि फोरेन्सिकच्या रांगेतली पहिली पाटी काढली. ती पत्र्यासारखी गार होती. मावशींनी आकडा उतरवला. अक्षर वाकडं आलं. पाटी पेटीत पडली तेव्हा तो आवाज ऐकायची हौस कुणालाच नव्हती.

पाचला साहेबांनी पेटी उघडली. स्किनच्या तीन पाट्या पेटीत होत्या, त्रेचाळीस धरून. साहेबांनी फलकाकडे बघितलं. तिसरा खिळा रिकामा होता. तो रिकामा होताना तिघांपैकी कुणीच बघितला नव्हता. साहेब क्षणभर पेन धरून उभे राहिले, मग लिहिलं, 'तपासले. बरोबर आहे.'

त्या रात्री ठमीचे बाबा चष्म्याच्या दुकानातून आले तेव्हा मायलेकी जेवून, दिवा मालवून नुसत्या पडल्या होत्या. ठमीने फोरेन्सिक म्हटल्यावर ते अंधारातच म्हणाले, "बरं. निदान तक्रार करायला कुणी येणार नाही."

दहा दिवसांनी रुजू व्हायचा दिवस. सकाळी दहाला खिडकीसमोर रांग लागली. पलीकडे मावशी शिक्का घेऊन. त्या दहा दिवसांत त्यांनी वर्तमानपत्र उघडलं नव्हतं आणि त्या नंबरावर फोन केला नव्हता. रजिस्टरात लाल रेघही मारली नव्हती. ठमी रांगेत सहावी होती. तिच्या मागे एक जण येऊन उभा राहिला, बॅग खाली ठेवली आणि म्हणाला, "मावशी, ओळखलंत का? पोहोचलो बघा!"

गळ्यापर्यंत गुंडी. जरा फिकट पडलेला, पण धडधाकट.

मावशींचा शिक्का हवेतच राहिला.

"तुमचं ऐकायला हवं होतं," तो मोठ्याने सांगू लागला. सगळ्या रांगेने ऐकलं. "फोन ठेवला आणि उडी मारली. कमरेएवढंच पाणी हो. आणि कुणीतरी घोटाच धरला! वेल नाही, गाळ नाही. बोटं मोजता आली असती. खाली खेचतंय, खेचतंय. दोन मिनिटं म्हणजे किती असतात ते कळलं मला. म्हटलं, गेली पाटी. आणि मग एकदम सुटलं. जसं काही कुणी विचार बदलला."

कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, "नशीब लेका तुझं."

"तुम्हाला कसं कळलं पण, मावशी?"

"नदीवर जाणाऱ्या पोरांना असंच सांगतात," मावशी म्हणाल्या आणि समोरच्या कागदावर शिक्का मारला. तो उलटा बसला.

त्याने मग पुढे उभ्या असलेल्या मुलीकडे लक्ष दिलं. रांगेत इतका वेळ मागे वळून न बघणारी ती एकटीच होती. "तुम्हाला कुठलं मिळालं?"

"फोरेन्सिक," ठमी म्हणाली.

"अरेरे." त्याला खरंच वाईट वाटलं, तो मनाने चांगला होता. "हवं काय होतं?"

"स्किन."

"बाप रे. आणि थोडक्यात गेलं?"

ठमी वळली. तिने त्याच्याकडे डोक्यापासून खाली सावकाश बघितलं आणि नजर त्याच्या उजव्या घोट्यावर येऊन थांबली. मोज्याच्या वर चार निळसर वळ दिसत होते, आणि पलीकडच्या बाजूला एक. तिने आपला हात पाठीमागे घेतला.

"हो," ती म्हणाली. "अगदी हातात आलं होतं."